वाजला का बे

उकंडा मिस्त्रीचा डावा कान टायर फुटला तेव्हा गेला,
उजवा हळूहळू, नुसताच.
म्हणून ड्रमवर हातोडा मारला की
तो माझ्या तोंडाकडे बघायचा:
"वाजला का बे?"

धारणी रोडवर, जिथून पुढे रस्ता सागात शिरतो
आणि फोनच्या काड्या एकेक करून पडतात,
तिथे आमचं दुकान. चार बल्ल्या, वर पत्रा,
पत्रा उडू नये म्हणून त्यावर टायर.
चैतात पाना उन्हात राहिला
तर फडक्याशिवाय उचलवायचा नाही.

बेठेकरची गाडी दिवे लागायच्या वेळी आली,
चाकातून केस जळाल्यासारखा वास.
"घटांगच्या उतारात पाय देल्ला तं
गाडी आयकेच ना," तो म्हणाला.
"रोही आडवी आली होती.
तिनंच वाट सोडली. मी काई थांबलो नोयतो."

आधी दगड. मागच्या चाकांना दोन्हीकडून.
मग जॅक, आणि जॅकचा भरवसा नाही
म्हणून सागाचे ठोकळे.
पान्याच्या दांडीत पाइप घालून
मी त्यावर उभा राहिलो,
चौदा वर्षांचा, एकतीस किलो.
नटाने दखलच घेतली नाही.
मिस्त्रीने मागून माझ्या खांद्यावर
आपलं वजन ठेवलं तेव्हा
कर्र.

जुना ड्रम निघता निघेना.
फिरवून फिरवून कडेला ठोकावा लागला.
आत निळे डाग, जांभूळ खाल्लेल्या जिभेवर असतात तसे.
मी आतून नख फिरवलं, कडेशी अडकलं:
इतकं लोखंड घाटाने खाल्लं होतं.
लायनर तर उरलंच नव्हतं, रिव्हेट घासत होते.
"फुकू नको! ते भुकटी छातीत बसते."
डिझेलच्या फडक्याने पुसलं.

दुसरा ड्रम बेठेकरने परतवाड्याहून आणलेला.
नवा म्हणाला. रंग तरी नवा होता.
मिस्त्रीने तो तारेने बल्लीला टांगला,
हातोडा मारला,
माझ्याकडे पाहिलं.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
नेमकी त्याच वेळी शेवटची बस गेली,
नाक्यावरची कुत्री तिच्यामागे,
आणि माझ्या डोळ्यांवर झोप होती.
मी म्हणालो, वाजला.

नवे लायनर ठोकून शू बसवले. स्प्रिंग ओढताना
माझं बोट चिमटलं, नख काळं झालं.
टाकीत हवा भरली, बेठेकरने पाय दिला,
मी हाताने फिरवत होतो ते चाक
मधेच माझ्या हातात थांबलं.
मिस्त्रीने चारशे मागितले, तीनशे घेतले.
मागचे लाल दिवे सागात दिसले, पुन्हा दिसले,
मग नाही.

त्या रात्री मी निजलो नाही.
उठून घमेलं ठोकलं. पिंप ठोकलं.
जुना ड्रम ठोकला: थड.
तांब्या ठोकला तेव्हा मिस्त्रीची बायको
आतून म्हणाली, काय लावलं रे?
घाटाकडून काहीच येत नव्हतं
आणि मी तेही कान देऊन ऐकत होतो.

नवव्या दिवशी बेठेकर आला.
सीटखालून चारोळीची पुडी काढून मला दिली.
"कशी हाय?"
"आयकते आता."

तेव्हा मिस्त्रीला सांगून टाकलं.
दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा ओरडून,
म्हणजे अख्ख्या फाट्याने ऐकलं.
त्याने बिडी विझवली.
"हातोडा एका हातात. दुसरा हात कुठी होता माहा?"
दोन बोटं त्याने हवेत टेकवून दाखवली,
जशी ड्रमच्या कडेला टेकवतात,
ग्रीसने रेषा भरलेली.
"बोटाले मुंग्या आल्या का समजते."

मंग मले काहून इचारता?

ते त्याला ऐकू आलं नाही. किंवा आलं.
त्याने उन्हातला एक ड्रम बल्लीला टांगला,
हातोडा उचलला, माझ्याकडे पाहिलं.
मी कान इतका जवळ नेला
की गाल भाजला.